खानदेशातला अंधार मोजताना: जळगाव, पाटणादेवी, तोरणमाळ

खानदेशात फिरायला चाललोय म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "उन्हाळ्यात नाही ना?" आम्ही पौषात गेलो, अमावास्येच्या आगेमागे, आणि दिवसा झोपा काढून रात्री हिंडलो. जळगावच्या भर वस्तीपासून सातपुड्यातल्या तोरणमाळपर्यंत रात्रीचं आकाश कुठे किती उजळलंय ते मोजायचं आणि नकाशावर टाकायचं, एवढंच काम. सोबत आमचे भूगोलाचे सर, शाळेतून निवृत्त झालेले पण सवयीतून न झालेले, आणि इंजिनिअरिंगला असलेला माझा भाचा. गाडी माझी, स्टिअरिंग त्याच्याकडे.

तसा नकाशा घरबसल्याही बघता येतो. सुओमी एनपीपी नावाचा उपग्रह २०११ मध्ये वर गेला. त्यावरचा व्हिअर्स सेन्सर रात्रीचे दिवे टिपतो आणि ती माहिती कुणालाही फुकट मिळते. तो नकाशा उघडला की भुसावळ, जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे असे महामार्गावर ओळीने ठिपके दिसतात, आणि वर सातपुड्याच्या अंगाला काळोख. मग जायचं कशाला? एक तर हा उपग्रह आपल्यावरून जातो रात्री दीडच्या सुमारास. तोवर दुकानांचे फलक, लॉन, मंगल कार्यालयं सगळं झोपलेलं असतं. दुसरं म्हणजे त्याच्या सेन्सरला ५०० नॅनोमीटरच्या खालचा निळा प्रकाश दिसतच नाही, आणि पांढऱ्या एलईडीत नेमका तोच भरपूर. पिवळे सोडियमचे दिवे काढून पांढरे लावले की उपग्रहाला गाव मंदावल्यासारखं वाटू शकतं, आणि खाली अंगणात उभ्या माणसाला आकाश आणखी फिकं दिसतं. वरून काढलेला नकाशा खालून पडताळायला माणूसच लागतो. आम्ही तीन होतो.

पहिला दिवस: जळगाव, आसोदा, भुसावळ

सुरुवात घराच्या गच्चीवरून. आमच्याकडचं यंत्र म्हणजे एसक्यूएम, स्काय क्वालिटी मीटर. कॅनडातली युनिहेड्रॉन कंपनी ते बनवते. तळहातावर मावेल एवढा डबा, आत नऊ व्होल्टची बॅटरी, एका टोकाला भिंग. डोक्यावर सरळ धरायचं, बटण दाबायचं, लाल आकडे उमटतात. आकाशाच्या एवढ्याशा चौकोनातून किती उजेड येतो ते ताऱ्यांच्या प्रतीच्या, म्हणजे तेजाच्या श्रेणीच्या, हिशोबात सांगणारा हा आकडा उलटा चालतो: जितका मोठा, तितका अंधार दाट. एकाचा फरक म्हणजे उजेडात अडीच पट, पाचाचा म्हणजे शंभर पट. माणसाच्या दिव्यांचा स्पर्श नसलेल्या आकाशात, चंद्र नसताना, डोक्यावर साधारण २२ येतात.

आमच्या गच्चीवर अठराच्या आसपास आले. मृगाचा पट्टा दिसत होता, कृत्तिका म्हणजे नुसता पुसट डाग. जानेवारीत मृग निवडण्याला कारण आहे. 'ग्लोब अ‍ॅट नाइट' या २००६ पासून चालू असलेल्या उपक्रमात याच दिवसांत मृग बघून, सोबतच्या चित्रांशी ताडून, तुम्हाला किती फिके तारे दिसतात ते कळवायचं असतं. मीटर नसलं तरी चालतं. सरांनी मृगाच्या चौकोनात तारे मोजायला सुरुवात केली आणि शेजारच्या गच्चीवरून आवाज आला, "काय हो, पतंग अडकला का?"

तिथून आसोद्याला एका स्नेह्यांच्या मळ्यात भरीत पार्टी. थंडीत जळगावला आलात आणि हे केलं नाहीत तर येणं फुकट. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे ते उगाच नाही. हिरवट-पांढरं, हाताएवढं लांब वांगं कपाशीच्या सुक्या काड्यांवर भाजतात. काड्या भसाभसा पेटतात, वांग्याची साल काळी पडून सुटते, आतला गर मऊ होतो. मग तो लाकडी बडजीत हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे घालून मुसळीने ठेचायचा, वर कांद्याची पात आणि भरपूर तेल. सोबत कळण्याची भाकरी. सर तीन भाकऱ्या खाऊन म्हणाले, आता मोजणी तुम्ही करा.

त्याच मळ्यात एक प्रयोग करता आला. शेडवर पांढरा एलईडी फ्लडलाइट होता आणि त्याचं तोंड समोरच्या केळीच्या डोक्यावरून थेट क्षितिजाकडे. आम्ही तो बंद करवून डोक्यावरचं आकाश मोजलं, मग चालू करून आडोशाला जाऊन पुन्हा मोजलं. आकडा जवळजवळ तोच. एका दिव्याने आकाश उजळत नाही, त्याला अख्खं गाव लागतं. पण डोळ्यांचं काय झालं ते वेगळं. दिवा बंद असताना वीस मिनिटांत बांध, पाइप, विहिरीचा कठडा सगळं दिसू लागलं होतं. तो लावताच उजेडाच्या कडेपलीकडचं सगळं नाहीसं झालं. यजमानांनी दुसऱ्या दिवशी शिडी लावून दिव्याचं तोंड खाली केलं आणि फोन केला: आता विहीर दिसते.

जेवणानंतर भुसावळच्या दिशेने. पूर्वेच्या क्षितिजावर शहराआधी त्याचा उजेड भेटतो, खाली रुंद आणि वर विरत जाणारा. रेल्वे यार्डाचे उंच मनोरे, पलीकडे दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, महामार्गावरचे ढाबे, सगळ्यांची त्यात भर. थंडीत जमिनीलगत धूर आणि धूळ साचते, त्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, जाळण्याचे दिवस. हे कण खालचा उजेड परत खाली फेकतात, म्हणून शहराजवळ धुरकट रात्री आकडा आणखी घसरतो. आदल्या रात्री वारा होता तेव्हा याच रस्त्यावर भाच्याला जरा बरे आकडे मिळाले होते. एका रात्रीच्या आकड्यावरून गावाची जात ठरवू नये.

मोजणाऱ्यांसाठी थोडं कामाचं: सूर्य मावळल्यावर निदान दीड तास थांबा. चंद्र नको, ढग नकोत, आणि डोक्यावर झाडाची फांदी किंवा वीजतारही नको. साधं एसक्यूएम बरंच रुंद आकाश बघतं, एल मॉडेल सुमारे २० अंशांचा तुकडा बघतं. गावात एलच बरं, कडेचे दिवे आत शिरत नाहीत. पहिला आकडा सोडून द्या, मग चार-पाच घेऊन मधला लिहा. हातातल्या टॉर्चवर लाल जिलेटीन लावा. आणि ज्या गावाच्या शिवारात उभं राहायचं तिथल्या पोलीस पाटलांना संध्याकाळीच सांगून ठेवा. याचं महत्त्व पुढे कळेलच.

दुसरा दिवस: पाटणादेवी

चाळीसगावहून पाटण्याला पोहोचलो तेव्हा दुपार. गौताळा-औट्रम घाट अभयारण्याचा हा भाग, तीन बाजूंनी डोंगर, मध्ये चंडिकेचं देऊळ. सरांना इथे आणायचं म्हणजे त्यांना तास द्यावा लागतो. भास्कराचार्य, जन्म १११४, 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० ची. त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता, आणि त्याने १२०७ च्या सुमारास या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. (हा चांगदेव वेगळा आणि मुक्ताईच्या कथेतले चांगदेव महाराज वेगळे. ही गल्लत आमच्याकडे दर पिढीत होते.) मठाला नेमून दिलेल्या उत्पन्नाचा शिलालेख आहे. त्यात गावातल्या प्रत्येक चालत्या तेलघाण्याने मठाला पळीभर तेल द्यावं असं आहे. भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे खगोलशास्त्राच्या कॉलेजचं लाईट बिल गाव भरत होतं." सरांना हे एकदम पसंत पडलं. पुढचे सगळे दिवस ते हे वाक्य स्वतःचं म्हणून सांगत होते.

सूर्य कलला तसा वनरक्षकाने सगळ्यांना बाहेर काढलं. ते योग्यच आहे, बिबट्याचा परिसर आहे, रात्री आत थांबायचा हट्ट कुणी करू नये. आम्ही अलीकडच्या शिवारात, ओळखीतून मिळालेल्या एका शेताच्या बांधावर ठाण मांडलं. डोक्यावर एकवीसच्या जरा वर. कृत्तिकेचे सहा सुटे, रोहिणीचा कोन स्वच्छ, आकाशगंगा मृगाच्या डावीकडून वर चढलेली. ईशान्येला चाळीसगावचा उजेड, तोही बऱ्यापैकी वर आलेला. दक्षिणेला मात्र काहीच नाही, कारण डोंगराची रांग पलीकडचा सगळा उजेड अडवते. पाटण्याचा अंधार टिकलाय तो या डोंगराच्या जिवावर.

दहाच्या सुमारास बांधावरून एक बॅटरी हलत आली. डोक्याला पट्ट्याने बांधलेली, आमच्या डोळ्यांवर रोखलेली.

"कोन शेतस रे तुमी?"

शेजारच्या शेतातले बाबा होते. गव्हाला पाणी भरायला आलेले. सरांनी अहिराणीत सगळं समजावलं. बाबांनी मीटर हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं.

"आंधारं मोजतस? आंधारं ते बठ्ठं फुकट शे भो! मोजतस कसाले?"

पण बॅटरी विझवली आणि बांधावर बसले. मृगाकडे बोट करून म्हणाले, हे तिकांडं. पूर्वी ते कुठवर आलं यावर मोटेची पाळी बदलायची, आता मोबाईल आहे. या आठवड्यात शेतीच्या विजेची रात्रीची पाळी होती, म्हणून ते बाहेर. दिवसाची पाळी आली की ते दिवसा भरतात. मागच्या महिन्यात शेजारच्या वस्तीवरची वासरी बिबट्याने नेली. आम्ही ज्याला चांगला आकडा म्हणत होतो त्यात हा माणूस अर्धी रात्र पायात पाणी घेऊन एकटा उभा राहतो. त्याला उजेड हवाय, आणि हक्काने हवाय: पायाखाली, बांधावर, मोटारीच्या खोक्याजवळ. चाळीसगावच्या डोक्यावर जो उजेड सांडला होता त्यातला थेंबभरही त्याच्या उपयोगाचा नव्हता.

निघताना बाबांनी ओंजळभर ओला हरभरा दिला. थंडगार, दव पडलेला. गाडीत बसून सोलत सोलत खाल्ला.

तिसरा दिवस: धुळे ते शहादा

धुळ्यात पांझरेच्या काठी आणि महामार्गांच्या चौकात आकडे घेतले. जळगावपेक्षा फार वेगळं काही नाही. हॉटेलांचे रंगीत पट्टे, पेट्रोल पंपांची छतं, आकाशात रोखलेले जाहिरात फलकांचे दिवे. फलकाला खालून दिवा मारायचा आणि अर्धा उजेड फलक चुकवून वर सोडायचा, ही पद्धत कुणी काढली असेल त्याला एकदा पाणी भरायला न्यायला हवं.

शेवभाजीसाठी मात्र थांबलो. लालभडक तर्री, वर जाड तिखट शेव, सोबत पातळ पोळ्या. शेव आधी रश्शात घालून आणतात की वेगळी देतात यावरून ढाब्याची परीक्षा होते. वेगळी द्यायला हवी. या ढाब्याने दिली.

वाटेत सरांनी २०२३ सालच्या एका अभ्यासाची गोष्ट सांगितली. 'ग्लोब अ‍ॅट नाइट'वर जगभरातल्या लोकांनी २०११ ते २०२२ या काळात पाठवलेली पन्नास हजारांहून जास्त निरीक्षणं तपासली, तेव्हा डोळ्यांना दिसणारं आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत चाललंय असं निघालं. उपग्रहांच्या आकड्यांत वाढ याहून पुष्कळ कमी होती. त्याच संशोधकांनी हिशोब मांडलाय की ज्या जागी मुलाच्या जन्माच्या वेळी २५० तारे दिसत होते, तिथे त्याच्या अठराव्या वर्षी शंभरच दिसतील. भाचा अठराचा होऊन गेलाय. तो मागे न बघता म्हणाला, "माझे दीडशे कोणाकडे मागायचे?"

रात्री सारंगखेड्याला तापीच्या पुलाजवळ थांबलो. नदीवरून धुकं उठलं होतं, मोजणीला निरुपयोगी. धुकं नसलेल्या जागी जावं म्हणून पुढे शहाद्याच्या रस्त्याला, उसाच्या शेताकडेला गाडी लावली. पाच मिनिटांत दोन मोटारसायकली आणि लाठ्या घेतलेली सहा-सात पोरं. गाडी बाहेरगावची, एक म्हातारा आकाशाकडे बघतोय, एक पोरगा हातात काळं यंत्र धरून उभा, तेही लाल उजेडात. त्या भागात रात्री ड्रोन फिरतात अशी आवई उठलेली होती, त्यामुळे त्यांचंही बरोबर. आम्ही पोलीस पाटलांना फोन लावून दिला, कारण त्यांना दुपारीच कळवलं होतं. पाटील पलीकडून एवढंच म्हणाले, "मास्तर आहेत रे, जाऊ द्या." लाठ्या खाली गेल्या. मग त्यातल्या एकाने गुरू दाखवा म्हटलं, आणि पुढचा अर्धा तास सर आणि ती पोरं. गुरू मिथुनेत झगझगीत होता, आणि त्याखेरीज दुर्बिणीशिवाय दिसणाऱ्या इतर गोष्टींवरही त्यांचं बोलणं चाललं.

चौथा दिवस: तोरणमाळ

पेट्रोल शहाद्यालाच भरा, पैसे तिथेच काढा, आणि घरी सांगून ठेवा की वर फोन लागेलच असं नाही. शहाद्यापासून सपाटी संपली की सातपुडा एकदम समोर उभा राहतो. सात पायऱ्यांचा घाट चढताना कान बंद होतात. वर गेल्यावर पठार, यशवंत तलाव, गोरखनाथाचं देऊळ, सीताखाई. उंची अकराशे मीटरहून जास्त. खानदेशात थंड हवेचं ठिकाण आहे हे पुण्या-मुंबईच्या लोकांना अजून पटत नाही, आणि तोरणमाळच्या दृष्टीने ते बरंच आहे.

मुक्काम एका पावरा आदिवासी कुटुंबाच्या घरी. कुडाच्या भिंती, शेणाने सारवलेली ओसरी, वर एक बल्ब. रात्री मक्याची भाकरी, आमचूर घातलेली डाळ आणि लाल मिरचीची चटणी. अक्राणीचं (तोरणमाळ याच तालुक्यात) आमचूर प्रसिद्ध आहे, पण ते उन्हात वाळवलेलं काप टाकून शिजलेल्या डाळीत खाल्लं की बाजारातली पूड विसरायला होतं. चुलीजवळून उठवत नव्हतं. सरांच्या तापमापकावर बाहेर सात अंश.

साडेसातला तलावापासून दूर, पठाराच्या उघड्या अंगावर गेलो. पहिला आश्चर्याचा धक्का पश्चिमेला. क्षितिजावरून वर चढलेला एक फिकट उजेडाचा शंकू, खाली रुंद, वर निमुळता, थेट कृत्तिकेच्या दिशेने कललेला. भाचा म्हणाला, हे गुजरातेतलं कुठलंसं शहर. सर काही बोलले नाहीत, त्याला तासभर थांबायला सांगितलं. शहराचा उजेड जागचा हलत नाही. हा मात्र ताऱ्यांबरोबर खाली सरकत गेला. राशिप्रकाश होता तो. ग्रहांच्या कक्षांच्या पातळीत पसरलेल्या धुळीवर सूर्याचा प्रकाश पडतो, तो संध्याकाळी असा दिसतो, जिथे आकाश खरोखर काळं असेल तिथेच. जळगावात जन्म घालवून मी तो पाहिला नव्हता.

मग मीटर. गच्चीवर बटण दाबल्या दाबल्या आकडा येत होता. इथे दाबलं आणि काहीच नाही. अंधारात यंत्राला पुरेसा उजेड गोळा करायला वेळ लागतो, जितका अंधार दाट तितका जास्त. डबा डोक्यावर धरून भाचा उभा, आम्ही श्वास धरून, आणि त्याचा हात भरून आला तेव्हा लाल आकडे उमटले: साडेएकवीसच्या थोडं वर. पुन्हा, पुन्हा, तेच. आमच्या गच्चीशी साडेतीनचा फरक, म्हणजे गच्चीवरचं आकाश इथल्यापेक्षा पंचवीसेक पट उजळ.

खरं तर याहून थोडं चांगलं निघायला हवं होतं. पण त्या वेळी आकाशगंगा डोक्यावरून फार लांब नव्हती, आणि तिचाही उजेड मीटर इमानदारीने मोजतं. रात्री दीडला, उपग्रहाच्या वेळेला, आम्ही पुन्हा उठलो. आकाशगंगा पश्चिमेला कललेली, डोक्यावर कर्क आणि सिंहाचा रिकामा भाग. आकडा आणखी वर गेला. आता हा फरक खालची गावं झोपली म्हणून की आकाशगंगा सरकली म्हणून? दोन्ही. म्हणून वहीत आकड्यासोबत वेळ आणि डोक्यावर काय होतं हे लिहायलाच हवं, नाहीतर सहा महिन्यांनी कुणीतरी त्यावरून गाव सुधारलं असं म्हणेल.

डोक्यावरच्या पहिल्या मोजणीनंतर आम्ही होकायंत्र घेऊन चोहीकडचं, निम्म्या उंचीवरचं आकाश मोजलं. मला या सगळ्या फिरण्यातलं हेच जास्त मोलाचं वाटतं. डोक्यावरचा आकडा जागेचा असतो, क्षितिजावरचा शेजाऱ्यांचा. बरोबर दक्षिणेला शहादा. त्याच्या डावीकडे, जवळ म्हणून जास्त ठळक, मध्य प्रदेशातलं खेतिया. उजवीकडे नंदुरबार. आग्नेयेला शिरपूर. पूर्वेकडे जरा उत्तरेला बडवानी. आणि वायव्येला, नर्मदेच्या खोऱ्याकडे, अक्राणीच्या डोंगरांवर, काहीही नाही. दक्षिणेला अगस्त्य पंधरा अंशांवर आलेला, पण शहाद्याच्या उजेडाच्या वर उभा असल्यामुळे असावा तितका तेजस्वी नाही. आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा, आणि पस्तीस किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावाने त्याला फिका पाडलेला.

परत आलो तर घरातल्या काकू जाग्या. चहा ठेवला, बिनदुधाचा, गूळ घातलेला. आकडे काय आले विचारलं. सरांनी सांगितलं.

"म्हणजे आमचा अंधार तुमच्यापेक्षा जास्त," त्या म्हणाल्या. "हे चांगलं का वाईट?"

"आकाशाला चांगलं," सर म्हणाले.

"आणि रात्री बाळंतीण झोळीतून खाली न्यायची असेल तर?"

सरांनी कप खाली ठेवला. मग काकूंनीच विषय बदलला, त्यांची मुलगी आश्रमशाळेत आहे, तिला हे तारे शिकवाल का म्हणाल्या. सकाळी निघण्याआधी सर तिच्या वर्गात जाऊन आले.

वर कुठेकुठे 'तारे बघायला या' छापाची पाटी लावायची भाषा सुरू झालीय. २०२४ मध्ये पेंच देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरल्यापासून हे सगळीकडे ऐकू येतं. कल्पना वाईट नाही. पण आम्ही उतरलो नाही त्या एका निवासाच्या आवारात झाडांना गुंडाळलेल्या निळ्या माळा रात्रभर चालू होत्या, आणि तारे बघायला आलेले पाहुणे त्याखाली शेकोटीभोवती गाणी लावून बसले होते. तारे बघायला जाणाऱ्यांनी खोली घेताना एकच विचारावं: रात्री बाहेरचे दिवे बंद कराल का? उत्तर द्यायला मालक अडखळला तर दुसरं घर शोधा.

परतीची वाट

उतरताना नंदुरबारकडे वळलो. शेतांमध्ये मिरचीच्या पथारी, लाल मिरची मैदानभर वाळत घातलेली, खोकल्याशिवाय काच उघडता येत नाही. घरी नेण्यासाठी घेतली. संध्याकाळी परतीच्या रस्त्यावर एका मोठ्या गावात शेवटची मोजणी ठरलेली होती, मुद्दाम. उपग्रहाच्या नकाशावर हे गाव चांगलं उजळ दिसतं, आणि चौकात आमदार निधीतून उभारलेला हायमास्ट आहे हे भाच्याने फोटोत पाहून ठेवलं होतं. एवढ्या गावात अठरा-एकोणीस येतील असा अंदाज.

आले वीसच्या वर. पुन्हा मोजलं, जागा बदलून मोजलं. वीसच्या वर. मृगाच्या खड्गातली धूसर चांदणी चौकात उभं राहून दिसत होती. भाचा वैतागला, मीटर गंडलं म्हणाला. शेवटी टपरीवाल्याला विचारलं.

"हायमास्ट? तो तीन महिन्यांपासून बंद आहे. गल्लीतले पण बंद. ग्रामपंचायतीने बिल भरलं नाही, कनेक्शन तोडलं."

"मग लोकांचं चालतं कसं?"

"चालतं की. माझ्या दुकानाचा बल्ब आहे, त्या दवाखान्याचा आहे, देवळाचा आहे. लोक तेवढ्यावर जातात. चोरी झाली नाही अजून. हायमास्ट होता तेव्हा माझी मोटारसायकल गेली होती," तो म्हणाला आणि चहा गाळू लागला. "बिल भरणार आहेत म्हणे मार्चमध्ये. तेव्हा या, मग दाखवतो उजेड."

भाच्याने वहीत आकडा लिहिला, वेळ लिहिली, डोक्यावर काय होतं ते लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात थोडा थांबला आणि मग लिहिलं: पथदिवे थकबाकीमुळे बंद, मार्चनंतर पुन्हा मोजावे.